ओठांवरचं लब्बैक

माझ्या गळ्याखाली, दोन हाडांच्या मधल्या खोलगट जागेत, एक भोक आहे. मी तिथून श्वास घेतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण भेटणाऱ्या माणसाची नजर पहिल्यांदा तिथेच जाते आणि मग तो दुसरीकडे बघत बोलतो. परळच्या हॉस्पिटलात ज्यांना नुकतंच सांगितलंय की तुमची आवाजाची पेटी काढावी लागेल, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आणि थोडं स्वतःसाठीही. हजवरून परत आल्यावर ज्याने त्याने विचारलं, "कसं वाटलं?" तेवढं मोठं उत्तर माझ्याकडून बोलून देणं झालं नाही.

माझं नाव सुलेमान. मूळ गाव खेडजवळचं, राहायला भायखळ्याला. हिंदमाताला साड्यांच्या दुकानात गादीवर बसून आयुष्य गेलं. साडी उलगडायला हात लागतात, पण विकायला तोंड लागतं. "या ताई, बसा. घ्यायची नसली तरी बघून जा, बघायला काय पैसे पडत नाहीत." असं दिवसभर चालायचं. लालबाग-परळच्या किती घरांतल्या लग्नांचे बस्ते माझ्या हातून गेले असतील. आईच्या बस्त्याला मी, मग लेकीच्याही बस्त्याला मीच. बायका विचारायच्या, "सुलेमानभाई आहेत का?" मी नसलो तर परत यायच्या.

एका लग्नसराईत आवाज बसला. दरवर्षीच बसायचा, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. हळद घालून दूध झालं, ज्येष्ठमध झालं. सराई संपली तरी आवाज उठेना. त्याच सुमारास हजच्या सोडतीत माझं आणि हमीदाचं, माझ्या बायकोचं, नाव लागलं होतं. घरात पेढे वाटून झाले होते.

*

डॉक्टर तरुण होत्या, मराठी होत्या. त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढून घेतली, तेव्हाच मला कळलं. चांगली बातमी सांगायला कोणी खुर्ची ओढत नाही.

"काका, गाठ पेटीवर आहे. पेटी काढली तर तुम्ही बरे व्हाल, अशी आम्हाला खात्री वाटते."

हमीदा म्हणाली, "काढा मग. पण मग हे बोलणार कसे?"

डॉक्टर म्हणाल्या, "शिकता येतं. वेगळ्या पद्धतीने."

तंबाखू खायचात का, असं मला तिथे आणि नंतर बाहेरही सगळ्यांनी विचारलं. नाही म्हटलं की लोक गप्प बसतात, पण पटलेलं नसतं. आजारपणात हाही एक त्रास असतो. आपण आजारी का पडलो, याचा हिशेब समोरच्याला जुळवून द्यावा लागतो.

हजचं रद्द केलं. आमची मुलगी नाझनीन मुंब्र्याला असते. ती आली आणि मोबाइल समोर धरून म्हणाली, "अब्बा, काहीतरी बोला, रेकॉर्ड करून ठेवते." मुलीला आशीर्वाद द्यावा, कुराणातली एखादी सूरह म्हणावी, असं कोणालाही वाटलं असतं. मी घोगऱ्या आवाजात म्हणालो, "या ताई, बसा." नाझनीन हसली आणि उठून स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

ऑपरेशनच्या टेबलावर भूल देणाऱ्या बाईंनी विचारलं, "नाव काय तुमचं?" मी सांगितलं. माझ्या आवाजातला तो शेवटचा शब्द. माझंच नाव.

*

वॉर्डातलं फार सांगत नाही. पहाटे नर्स येऊन भोकातली नळी साफ करते, तेव्हा बुडाल्यासारखं होतं. ते दिवसागणिक कमी होत जातं. पण कोणी आधी सांगत नाही अशा काही गोष्टी सांगतो. चहा गरम असला तर फुंकर मारता येत नाही. वास येत नाही. आमच्या खालच्या मजल्यावर मासे तळत असले तरी मला पत्ता नसतो. हसू आलं तर चेहरा हसतो, आवाज नाही. आणि रडू आलं तर शेजारी बसलेल्यालाही कळत नाही.

हॉस्पिटलने टॉर्चएवढं एक यंत्र दिलं. गळ्याला टेकवून बटण दाबायचं आणि तोंड हलवायचं. आवाज निघतो, पण पत्र्याच्या डब्यात भुंगा अडकल्यासारखा. त्यातून लांब वाक्य बोललं की ऐकणारा दमतो. म्हणून मी वाक्यं कापायला लागलो. पाणी. पंखा. बरं. नको.

दुकानात परत गेलो. शेठ भला माणूस. म्हणाला, "सुलेमानभाई, तुम्ही आत बसा आरामात, घड्या घाला. गिऱ्हाइकाची कटकट नको तुम्हाला." माझ्या भल्यासाठीच म्हणाला. आतल्या खोलीत ट्यूबलाइटखाली मी घड्या घालायचो आणि बाहेर दुसरा कोणी म्हणायचा, "या ताई." एकदा ओळखीच्या बाईंनी माझी चौकशी केलेली ऐकू आली. "ते आता बोलत नाहीत," असं सांगितलं गेलं. त्या बाई बरं म्हणाल्या आणि साडी घेऊन गेल्या. चार पावलांवर मी होतो.

घरी हमीदा माझ्या वतीने बोलायला लागली. फोनवर, डॉक्टरकडे, पाहुण्यांसमोर. मी यंत्र उचलेपर्यंत तिचं उत्तर देऊन झालेलं असायचं. कधी कधी ते माझं उत्तर नसायचंच. एकदा मी रागाने यंत्र पलंगावर आपटलं. ती म्हणाली, "मी तरी काय करू? तुमची वाट बघत बसले तर समोरचा उठून जातो." खरंच होतं ते. त्या दिवशी दोघंही जेवलो नाही.

*

डॉक्टरांनी तब्येत चांगली असल्याचं लिहून दिलं, तेव्हा हमीदाने हजचा अर्ज पुन्हा भरला. नाव लागलं. मला आनंद झाला नाही, भीती वाटली. हजला निघालेल्या माणसाने इहराम बांधला की सतत म्हणायचं असतं, "लब्बैक, अल्लाहुम्म लब्बैक." मी हजर आहे, देवा, मी हजर आहे. लाखो माणसं ते मोठ्याने म्हणतात. आणि मी काय करणार? यंत्र लावून भुणभुण करणार?

मोहल्ल्याच्या मशिदीतल्या मौलानांकडे गेलो. मला दोन शंका होत्या. पुरुषाच्या इहरामला न शिवलेल्या पांढऱ्या कापडाचे दोन तुकडे, बाकी काही नाही. मग माझ्या भोकावरचा नाड्यांचा फडका चालेल का?

मौलाना म्हणाले, "तो कपडा नाही, सुलेमानभाई. ते औषध आहे. बांधा."

मी यंत्र लावून विचारलं, आणि लब्बैक?

ते म्हणाले, "हजचा इरादा दिलात असावा लागतो. ओठ हलवता येतात ना? मग ओठ हलवा. ऐकणारा बहिरा नाही."

उत्तर चांगलं होतं. मी मान डोलावली. पण घरी येताना वाटलं, ज्यांना आवाज आहे त्यांनाच हे बोलणं सोपं जातं.

*

मक्केत पोहोचल्यावर कळलं की पुरुषांच्या खोल्या वेगळ्या आणि बायकांच्या वेगळ्या. हमीदा वरच्या मजल्यावर गेली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्या वतीने बोलणारं कोणी नव्हतं. खोलीत आम्ही चार जण. तिघांची पहिल्याच दिवशी गट्टी जमली. ते माझ्याशीही चांगले वागायचे, पण माझ्याशी बोलताना बहिऱ्याशी बोलावं तसे मोठ्याने बोलायचे, आणि थोडक्यात. जेवण? नमाज? ठीक?

काबा पहिल्यांदा दिसला, तेव्हा हमीदा माझ्या बाजूला होती. तिने माझा हात घट्ट धरला आणि मोठ्याने रडली. सगळेच रडत होते. मी बघत राहिलो. इतकी वर्षं कापडात काढलेली, म्हणून नजर आधी त्यावरच्या काळ्या गिलाफावर, त्या कापडी आवरणावर गेली. वीण, जर, वजन. मग स्वतःचीच लाज वाटली. मग वाटलं, लाज कसली, मला हेच येतं. देवानेच शिकवलंय.

तवाफ करताना, म्हणजे काब्याभोवती फेरे घेताना, चहूबाजूंनी प्रार्थनेचा आवाज उठत होता. हजार भाषा, एकच लाट. मी ओठ हलवत होतो. पण मला माझंच ऐकू येत नव्हतं, आणि स्वतःला ऐकू न आलेली प्रार्थना केली की नाही, याचीच शंका येते. सात फेरे झाले. इतक्या माणसांत इतका एकटा मी वॉर्डातही नव्हतो.

*

हजचा मुख्य दिवस म्हणजे अराफातचा. दुपार कलल्यापासून सूर्य मावळेपर्यंत त्या मैदानात असायचं आणि मागायचं. त्या दिवशी मागितलेलं परत जात नाही, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. तंबूत माणसं हात पसरून, हुंदके देऊन मागत होती. माझ्या शेजारचा माणूस आईचं नाव घेऊन लहान मुलासारखा रडत होता. मला तिथे बसवेना. मी बाहेर आलो.

बाहेर कडुनिंबाची झाडं होती. आपल्याकडची असतात तशीच. ऊन असं की नजर ठरत नव्हती. मी एका झाडाच्या विरळ सावलीत उभा राहिलो. गळ्याचा फडका ओला करून परत बांधला आणि हात वर केले.

मी ठरवून आलो होतो की आवाज मागायचा. कापून काढलेली पेटी परत येत नाही, हे मला कळतं. तरी मागायचा. त्याला काय अशक्य? पण सुरुवात केली आणि भलतंच निघायला लागलं. आतली खोली निघाली, ट्यूबलाइट निघाली, बरं म्हणून गेलेल्या त्या बाई निघाल्या. हमीदावर धरलेला राग निघाला. तिचे गुडघे निघाले, जे माझ्या हॉस्पिटलच्या जिन्यांवर झिजले. खेडचं घर, आईचा हात, नाझनीन स्वयंपाकघरात गेली ते. मी सांगत होतो. मग लक्षात आलं, मी लांब वाक्यं बोलतोय. "आणि", "पण", "म्हणून" लावून. ऑपरेशननंतर मी कुणाशीही असा बोललो नव्हतो. कोणी दमत नव्हतं. कोणी घड्याळ बघत नव्हतं.

उत्तर काही आलं नाही. आकाश फाटलं नाही की अंगावर काटा आला नाही. ऊन होतं, पाय भाजत होते. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि त्याचा आवाज होत नव्हता. मला एकटंच वाटत होतं. पण वॉर्डात जे वाटायचं, ते सगळ्यांनी टाकून दिल्यासारखं. इथे तसं नव्हतं. ज्याच्याशी बोलायचं ते बाकी कुणासमोर बोलता येत नाही, म्हणून बाकीच्यांना बाहेर ठेवलंय, असं काहीसं होतं. याहून नीट मला सांगता येत नाही. सूर्य मावळला तेव्हा ध्यानात आलं, आवाज मागायचा राहून गेला.

*

दुसऱ्या दिवशी मिनाच्या तंबूनगरीत सैतानाला, म्हणजे त्याच्या खुणेच्या खांबाला, खडे मारायचे होते. हमीदाचे गुडघे सुजले होते, म्हणून तिच्या वाटचे खडेही मीच घेतले. खोलीतल्या तिघांबरोबर निघालो. आधी माझे मारले, मग तिचे. मागे वळलो तर तिघं नव्हते. गर्दीच्या रेट्याने मी भलत्याच रस्त्याला लागलो होतो.

मिनातले तंबू सगळे सारखे. पांढरे, टोकदार, नजर पोचेल तिथवर. मोबाइल उन्हाने तापून बंद पडला होता. यंत्र काढलं, बटण दाबलं, दोनदा घरघरलं आणि गेलं. मनगटावर तंबूचा नंबर लिहिलेली पट्टी होती. ती एका पोलिसाला दाखवली. त्याने अरबीत काही सांगून हात लांब केला. तिकडे गेलो. तिथल्या माणसाने उलटा हात दाखवला. असं किती वेळ चाललं, माहीत नाही. पाणी संपलं. फडका वाळून कडक झाला. आणि श्वास शिटी वाजल्यासारखा यायला लागला.

ती शिटी मला ठाऊक होती. नळीत खपली धरली की वाजते. भोक कोरडं पडलं तर बंद होऊ शकतं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी एका पुलाखाली बसलो. माणसं बाजूने जात होती. दोघाचौघांनी माझ्या गळ्याकडे बघितलं आणि ते अंतर ठेवून गेले. लग्न, दुकान, हॉस्पिटल, सगळं पार करून इथे, या पुलाखाली, कोणाला नावही न सांगता जाणार, असं वाटलं. मी ओठांनी म्हणालो, मी हजर आहे. लब्बैक म्हणण्याची वेळ पहिल्या खड्याबरोबरच संपते, हे मला माहीत होतं. तरी म्हणालो. दुसरं काही आठवलंच नाही.

एक म्हातारा समोर येऊन उकिडवा बसला. काळा, उंच, डोक्याचं नुकतंच मुंडण केलेलं. कुठल्या देशाचा, मला आजही माहीत नाही. त्याने माझ्या गळ्याकडे नीट बघितलं. मान वळवली नाही. मी फडक्याकडे बोट दाखवलं, मग त्याच्या बाटलीकडे. त्याला लगेच समजलं. फडका काढून मी पुढे केला, त्याने भिजवून पिळून दिला. मी तो भोकावर धरला, ओलसर श्वास आत गेला. पुन्हा भिजवला, पुन्हा धरला. शेवटी खोकला आला आणि खपली सुटली. भोकातून काय काय बाहेर आलं. त्याने आपल्या खांद्यावरच्या कापडाच्या टोकाने ते पुसलं. मी नको नको म्हणत होतो, म्हणजे ओठांनी.

तो सगळा वेळ त्याच्या भाषेत बोलत होता. मीही ओठ हलवून उत्तरं देत होतो. त्याचं मला कळत नव्हतं, माझं त्याला. मग ध्यानात आलं की माझा गळा धड असता, तरी आमचं एवढंच बोलणं झालं असतं.

त्याने हात धरून मला उठवलं. हात न सोडता रस्ते पार करत गेला आणि तिरंगा लावलेल्या जाकिटातला आपला एक स्वयंसेवक दिसल्यावरच थांबला. माझा हात त्याच्या हातात दिला. मी मागे वळून बघितलं, तोवर गर्दीत सगळी डोकी तशीच मुंडण केलेली होती.

*

तंबूच्या दारात हमीदा उभी होती, सुजलेल्या पायांनी. डोळे लाल.

"कुठे होतात? कुठे होतात अवो तुम्ही? हाक तरी मारायची..."

आणि ती थांबली. तिचं तिलाच कळलं. तोंडावर पदर धरून ती खाली बसली. मीही बसलो. मग हळू म्हणाली, "मी मारल्या हाका. चार गल्ल्या फिरले. सुलेमान, सुलेमान करीत. लाज सोडून." आयुष्यात तिने कधी माझं नाव घेतलं नव्हतं. आणि त्या हाका मला ऐकू आल्या नव्हत्या.

तिने मला विचारलं, "पाणी पाहिजे?" आणि या वेळी ती थांबली. मी मान हलवेपर्यंत.

*

भायखळ्याला परतल्यावर महिनाभर माणसं येत होती. खजूर, जमजमचं पाणी, गळाभेटी. "हाजीसाहेब, कसं वाटलं?" मी अंगठा वर करायचो. मग येणं कमी झालं आणि घर पूर्ववत शांत झालं. हजने आवाज दिला नाही. दुकानात मी अजून आतच घड्या घालतो. हमीदा हल्ली वाट बघते, पण कधी कधी विसरतेही. सोबत किती मिळेल याची खोटी आशा मी कोणाला लावणार नाही. ज्या दिवशी ऑपरेशन होईल, त्या दिवसापासून एकटेपणा येणार, आणि बराच काळ राहणार. त्यात बोलत राहा, एवढंच सांगतो. ओठांनी बोला. कोणाशी, ते ज्याचं त्याने ठरवावं.

तपासणीला गेलो असताना मागच्या महिन्यात डॉक्टरांनी एका बाईंची गाठ घालून दिली. कोळीवाड्यातल्या, मासळी विकणाऱ्या. दोन दिवसांनी त्यांचं ऑपरेशन होतं. माझं यंत्र ऐकून त्या दचकल्या नाहीत. मी हजला जाऊन आलोय हे डॉक्टरांनी सांगितल्यावर बसल्या आवाजात विचारलं, "मग तितं देवाशी कसं बोललास रं भावा? त्याला ऐकू गेलं?"

मी यंत्र लावून म्हणालो, "मी बोललो." मग पुढचं खरं तेच सांगितलं. "त्याचं माहीत नाही."

"खोटं नाय बोललास, बरं झालं," म्हणाल्या.

ऑपरेशननंतर मी त्यांना वॉर्डात भेटायला गेलो. गळ्याला पट्ट्या, हाताला सुई. मला बघून त्यांचे ओठ हलले. बराच वेळ हलत होते, काहीतरी मोठं सांगायचं होतं. आमच्यासारख्यांचं बोलणं समजलं नाही तरी लोक मान डोलावतात, आणि मग आम्ही गप्प होतो. मला एक शब्दही कळला नव्हता. मी स्टूल पुढे ओढलं, मान हलवली नाही, आणि त्यांनी पुन्हा सांगावं म्हणून त्यांच्या ओठांकडे बघत थांबलो.